न सोडलेला सेट

मे २०२४. देवगड तालुक्यातलं एक गाव. भातकापणीनंतर रिकामे पडलेले दोन कुणगे, मधली मेर काढून एक केलेले, शेणानं सारवलेले. दोन बाजूंना पोफळीच्या खांबांवर हॅलोजन. रात्री साडेनऊला आमच्या मंडळाचा व्हॉलीबॉलचा उपांत्यपूर्व सामना होता, गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. तो आम्ही जिंकलो. त्यानंतर चाळीस मिनिटांनी उपांत्य सामना झाला, ज्या टीमला आम्ही पाडव्याला हसत-खेळत हरवलं होतं तिच्याशी. तो सरळ दोन सेटमध्ये हरलो, १४-२१ आणि १६-२१.

गावात याचं एका वाक्यात निदान झालं : पोरांच्या डोक्यात हवा गेली. लिबरोचं, म्हणजे मागे राहून फक्त चेंडू उचलणाऱ्याचं, मत वेगळं होतं. दोन सामन्यांच्या मध्ये यजमानांनी आग्रहानं वाढलेले कोंबडी-वडे नडले, असं तो आजही शपथेवर सांगतो. वड्यांचा दोष मी नाकारत नाही, मीही चार खाल्ले होते. पण माझ्याकडे वही आहे, आणि वहीत दुसरंच काही दिसतं.

मी हायस्कूलला शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी मंडळाची पोरं बघतो. सामना चालू असताना प्रत्येक स्मॅशला वहीत एक खूण करायची सवय आहे. कुणी मारला, पॉइंट आला, परत आला की जाळ्यात गेला. आमचा मुख्य स्मॅशर देवगड बंदरावर बर्फ फोडतो. पहाटे तीनला उठून लाद्या फोडायच्या, टोपल्यात मासळीवर पसरायच्या, दुपारी झोपायचं, संध्याकाळी नेटवर. त्याला चेंडू चढवून देणारा सेटर रिक्षावाला आहे. दोघे चाकरमानी, त्यांतला एक विरारहून कोकण रेल्वेनं उभा आला होता. बेंचवर एकच जण, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला पोरगा.

स्थानिक नियमानं पहिले दोन सेट २१ चे आणि तिसरा १५ चा. पहिला सेट २१-१९ असा आमचा. दुसऱ्यात आमची सर्व्हिस उचलण्याची घडीच बसेना आणि बघता बघता ७-१५ झालं. याच क्षणाचं हे प्रकरण आहे.

७-१५ म्हणजे त्यांना हवेत सहा, आम्हाला चौदा. एक टाइमआउट माझ्याकडे शिल्लक होता आणि तो मी घेतला. मनात आलं होतं की स्मॅशरला बाहेर काढावं, पोराला आत टाकावं, सेट जाऊ द्यावा आणि तिसऱ्याला ताजा माणूस घेऊन उतरावं. मी स्मॅशरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, ‘नाय’. मागून मेरेवर बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांचा आवाज येत होता. मी म्हटलं, ‘चला, एकेक पॉइंट.’ आणि पोरं एकेक पॉइंटसाठी जिवावर उदार होऊन खेळली. सेट गेलाच, पण १७-२१ असा. टाळ्या पडल्या. तिसरा आम्ही १६-१४ नं काढला आणि मेरेवरची माणसं मैदानात आली.

आता वही. पहिल्या सेटमध्ये स्मॅशरचे १३ फटके, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १२. दुसऱ्यातल्या सोळांपैकी दहा ७-१५ नंतरचे. म्हणजे हातून गेलेल्या सेटवर दहा पूर्ण उड्या, शिवाय ब्लॉकच्या वेगळ्या. उपांत्य सामन्यात त्याचे १८ फटके आणि पॉइंट चार. बाकीचे एक तर जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागले किंवा समोरच्यानं निवांत उचलले. हाताचा जोर गेला नव्हता, पाय उचलत नव्हते. स्मॅशर दमला की आधी चेंडू जाळ्यात जायला लागतो, हे नेटवर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

पोरांकडे तयार उत्तर होतं : ‘गुरुजी, भारताचंपण हांगचौला असंच झालं ना!’

त्यांचं हांगचौ मला चांगलं आठवतं, कारण तारीखच तशी होती. २० सप्टेंबर २०२३, गणपतीचा दुसरा दिवस. दीड दिवसांचे गणपती व्हाळावर पोहोचवून पोरं परत आली आणि कुणाच्या तरी मोबाईलवर निकाल आला. आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं दक्षिण कोरियाला ३-२ नं हरवलं होतं. जागतिक क्रमवारीत ७३ व्या क्रमांकाच्या संघानं २७ व्याला, आणि २७ वा कसला, तर तीनदा आशियाई सुवर्ण जिंकलेला आणि आधीच्याच स्पर्धेतला उपविजेता. २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. अडीच तासांच्या वर सामना चालला. त्या रात्री भजनाला बसण्याआधी मी सहज बेरीज केली तर दोन्ही संघांचे पॉइंट सारखेच निघाले, ११६ आणि ११६. सगळं वाटून झाल्यावरही एक संघ जिंकला, कारण त्याचे पॉइंट योग्य सेटमध्ये पडले. ही बेरीज मी तेव्हा गंमत म्हणून सगळ्यांना ऐकवली. तिचा अर्थ लागायला मला पुढचा मे यावा लागला.

त्यानंतर दोन दिवसांनी भारतानं चायनीज तैपेईलाही ३-० असं हरवलं. मग जपानकडून ०-३, पाचव्या-सहाव्या स्थानासाठी पाकिस्तानकडून ०-३, आणि सहावा क्रमांक. १९६२ ला जकार्तात रौप्य आणि १९८६ ला सोलमध्ये जिमी जॉर्जच्या संघानं मिळवलेलं कांस्य, यांच्याशी तुलना करून त्या वेळी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. पण पोरांचं ‘असंच झालं’ मला मान्य नाही. तिथे कोरियानंतर दर सामन्यामागे एक दिवस मोकळा होता, आणि तैपेईविरुद्ध एकही सेट न देता जिंकलेला संघ दमलेला म्हणता येत नाही. जपान सरसच होता, बस. आमच्याकडे मध्ये होती चाळीस मिनिटं आणि वडे. मोठ्यांच्या पराभवाची शाल आपल्या पराभवावर पांघरणं सोयीचं असतं. ती मी पोरांना पांघरू दिली नाही, त्यामुळे काही दिवस माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

माझ्या डोक्यात जो सामना घोळत होता तो व्हॉलीबॉलचा नव्हताच.

२५ फेब्रुवारी २०१८, प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिक, कर्लिंग या बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची महिलांची अंतिम लढत, स्वीडनविरुद्ध दक्षिण कोरिया. शिमग्याचे दिवस होते, शाळेला रविवार होता, आणि मी निव्वळ कुतूहलानं ते बघत बसलो होतो. कोरियाच्या पाचही जणींचं आडनाव किम. त्यांतल्या चौघी उइसाँग नावाच्या शेतकरी भागातल्या. तिथला लसूण प्रसिद्ध, म्हणून जगभरच्या पत्रकारांनी त्यांना ‘लसूणवाल्या पोरी’ करून टाकलं. त्या लसणाच्या गावात २००६ साली कर्लिंगचं सभागृह बांधलं गेलं. एक इमारत, आणि बारा वर्षांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी. आमच्या तालुक्यात व्हॉलीबॉलचं एक बंदिस्त मैदान नाही, हे इथे सांगायलाच हवं असं नाही, पण सांगतो.

तर त्या अंतिम लढतीत नववा एंड, म्हणजे डाव, संपला तेव्हा स्वीडन ८, कोरिया ३. दहावा एंड बाकी होता. आणि कोरियाच्या पोरींनी हात पुढे केला, अभिनंदन केलं, सामना संपला. मी खुर्चीतून उठलोच. एक एंड बाकी असताना? ऑलिंपिकच्या फायनलमध्ये? आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर?

नंतर वाचत गेलो तसं कळलं की हा त्या खेळाचा रिवाजच आहे. ठराविक एंड झाल्यावर, उरलेल्या दगडांत हिशेब जुळणार नाही असं दिसलं की संघ हात मिळवून मोकळा होतो. त्याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही. उलट गणित संपल्यावरही दगड टाकत बसणं काहींना अशिष्ट वाटतं. यामागे व्यवहारही आहे. त्या ऑलिंपिकमध्ये दहा संघ होते, प्रत्येकाला आधी नऊ सामने आणि मग बाद फेरी. एकेक सामना अडीच-तीन तासांचा. बुडालेल्या सामन्यात खर्च केलेली ताकद उद्याच्या सामन्यातून वजा होते. त्याच स्पर्धेत अमेरिकेचा पुरुष संघ पहिल्या सहांपैकी चार सामने हरला होता आणि तिथून सलग पाच जिंकून सुवर्ण घेऊन गेला. हरलेला सामना हरलेलाच ठेवून पुढे जायची सवय असल्याशिवाय हे होत नाही, असं मला वाटतं.

याहून चक्रावून टाकणारी गोष्ट ‘ब्लँक’ची. कर्लिंगमध्ये दर एंडला दोन्ही संघ आठ-आठ दगड सरकवतात. ज्याच्याकडे शेवटचा दगड त्याचं पारडं जड. त्या शेवटच्या दगडाला हॅमर म्हणतात. पॉइंट केला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो. म्हणून शेवटच्या दगडावर एकच पॉइंट मिळण्यासारखा असेल तर चांगला संघ तो घेत नाही. दगड मुद्दाम ‘घरा’तून, म्हणजे बर्फावर आखलेल्या लक्ष्याच्या वर्तुळातून, पार पलीकडे घालवतो, एंड कोरा सोडतो आणि हॅमर स्वतःकडे ठेवतो. हातातला एक सोडायचा, पुढच्या दोनाच्या आशेवर.

हे मी मे २०२४ नंतरच्या पावसाळ्यात पोरांना सांगायला सुरुवात केली. मोबाईलला रेंज फक्त सड्यावर, म्हणून उघडीप मिळाली की सड्यावर जाऊन व्हिडिओ बघायचे. सेटरचा पहिला प्रश्न : ‘झाडू मारून ऑलिंपिकचा मेडल गावता?’ स्मॅशर मात्र गप्प राहून बघत होता, कारण मामला बर्फाचा. त्या बर्फावर आधी पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून बारीक पुरळासारखे उंचवटे तयार होतात आणि दगड त्यांच्यावरून सरकतो, असं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘बरोबर. सपाट लादीवर लादी ठेवली की चिकटते, मग पहारीशिवाय सुटत नाही.’ झाडूनं घासल्यावर पृष्ठभाग किंचित तापतो आणि दगड लांब जातो, हेही त्याला पटवावं लागलं नाही. दगड वीसेक किलोचा, ग्रॅनाइटचा, पिढ्यान् पिढ्या स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरून येणारा, पाणी जवळजवळ न पिणारा. यावर त्याचा शेरा : ‘म्हणजे जांभा कामाचा नाय.’ बरोबरच. पावसाळ्यात आमचा जांभा स्पंजासारखा पाणी पितो. असा दगड बर्फावर गोठला की फुटायचाच.

‘योंग-मी!’ ही आरोळीही पोरांनी उचलली. किम उन-जंग ही कोरियाची स्किप, म्हणजे कर्णधार, झाडणाऱ्या सहकारिणीला नावानंच हाका मारायची आणि हाकेच्या सुरावरून किती जोरात झाडायचं ते तिला कळायचं. आमच्या सरावात आठवडाभर सगळे योंग-मी होते.

१४ फेब्रुवारी २०२५ ला हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुष कर्लिंगची फायनल फिलिपिन्सनं दक्षिण कोरियाविरुद्ध ५-३ अशी जिंकली. बर्फ न पडणाऱ्या देशाचं हिवाळी स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. पोरं खूश, पुन्हा कोरिया पडला म्हणून. मग कुणीतरी माहिती काढली की संघातले बरेच जण स्वित्झर्लंडमधले फिलिपिनो-स्विस आहेत, आणि लगेच वाद पेटला, हे गाववाले धरायचे की नाहीत? हा आमच्याकडचा सर्वांत जुना वाद. मुंबईत राहणारा, आधारवर मुंबईचा पत्ता असलेला, पण गणपतीला न चुकता येणारा माणूस गावच्या टीममधून खेळू शकतो का, यावरून स्पर्धा बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. विरारवाल्यानं निकाल दिला : ‘आईचं घर जिथे, तिथून खेळायचं.’ त्या संघातल्या फिस्टर भावांच्या जोडीची आई फिलिपिनो आहे हे ऐकल्यावर त्याला फारच बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात आम्ही एक गोष्ट ठरवली. तिसरा सेट शक्य असेल, समोरचा पंधराला पोहोचला असेल आणि फरक सातच्या वर असेल, तर सेटरनं मुठीत अंगठा धरून खूण द्यायची. मग स्मॅशर बाहेर, पोरगा आत, चेंडू दुसऱ्या नंबरवाल्याकडे. नियमाला धरूनच. बदली खेळाडू आत येतो, सुरुवातीचा माणूस पुढच्या सेटला पुन्हा पहिल्यापासून उतरतो. सेट फेकायचा नाही, जो आत आहे त्यानं खेळायचंच. फक्त आपला बर्फ दुसऱ्याच्या मासळीवर वितळवायचा नाही. हे शेवटचं वाक्य स्मॅशरचं.

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या गावी पहिली स्पर्धा. दुसऱ्याच सामन्यात वेळ आली. पहिला सेट आमचा, दुसऱ्यात ६-१५. सेटरनं मूठ दाखवली. स्मॅशर बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला, टॉवेल डोक्यावर घेतला. आणि मेरेवरून पहिली हाक आली, ‘मॅच इकलीस काय रे?’

मग शिट्ट्या. मग बाटली. पोरगा आत थरथरत होता, त्याच्या दोन सर्व्हिस जाळ्यात गेल्या. सेट ११-२१. मध्यंतरात गावचे एक काका माझ्यापाशी आले. त्यांच्या काळात ते तालुक्यात नावाजलेले ब्लॉकर होते. रागानं थरथरत म्हणाले, ‘गुरुजीनू, आमी तीन-चौदावरना सामने काढलेले आसत. तुमी पोरांक हरूक शिकवतास.’

यावर मी तेव्हा काही बोललो नाही. पण काका खोटं बोलत नव्हते, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. काका खेळत तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा. समोरचा चौदावर असला आणि सर्व्हिस तुमच्या हातात आली की तो तिथेच अडकायचा, पुढचा पॉइंट त्याला सर्व्हिस परत जिंकल्याशिवाय मिळणार नाही. तीन-चौदावरून सामना काढणं अवघड होतं, अशक्य नव्हतं, आणि म्हणून शेवटपर्यंत न सोडणं हे शहाणपणाचंच होतं. त्या खेळात कोरी रॅली असायची, कर्लिंगच्या ब्लँकसारखी. आंतरराष्ट्रीय महासंघानं १९९८ मध्ये दर रॅलीला पॉइंट ही पद्धत स्वीकारली आणि ती कोरी जागा गेली. आता तुमच्या हातात सर्व्हिस असतानाही तुमच्या चुकीचा पॉइंट त्याला जातो. सहा पॉइंट हवे असलेला माणूस तुमच्या मेहनतीची वाट बघत नाही. गणित बदलून पंचवीसेक वर्षं झाली, मेरेवर बसणाऱ्यांचा मान-अपमान जुन्या गणितावरच चालतो. काकांना हे मी नंतर त्यांच्या पडवीत बसून कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, ‘हिशोब बरोबर हा. पण बघणाऱ्याक काय मिळाला?’

हाही प्रश्न खोटा नाही. स्पर्धेची वर्गणी बघणाऱ्यांकडूनच येते.

आणि त्या रात्रीचा तिसरा सेट? आम्ही १२-१५ नं हरलो. स्मॅशर ताजातवाना होता, त्याचे आठ फटके आणि सहा पॉइंट वहीत आहेत. पण शिट्ट्यांनी बाकीच्यांचे हात बांधले होते. सर्व्हिस उचलताना लिबरोसुद्धा मेरेकडे बघत होता. पाय वाचवले आणि डोकं गेलं. कोरियाच्या पोरींनी हात मिळवला तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कारण प्रेक्षकांनाही तो रिवाज ठाऊक होता. रिवाज एकट्या टीमला पाळता येत नाही, हे माझ्या हिशेबातून सुटलं होतं. कॅप्टन तर सरळ म्हणतो की मे २०२४ ला सेट सोडला असता तर तिसरा १६-१४ झालाच नसता, तो जोर त्या १७ पॉइंटांतूनच आला होता. त्याला खोडून काढेल असं माझ्या वहीत काही नाही. वहीत फटके मोजले आहेत, जोर मोजलेला नाही.

दुसरी परीक्षा मेच्या शेवटच्या रविवारी व्हायची होती, आमच्याच मळ्यात. आपल्या गावात शिट्ट्या कमी पडतील असा अंदाज होता, शिवाय मी लाउडस्पीकरवर आधी दोन शब्द सांगायचं ठरवलं होतं. पण त्या वर्षी पाऊस कुणाचंच ऐकायला तयार नव्हता. २५ मेलाच मोसमी पाऊस आला, आणि हवामान खात्याच्या नकाशावरची रेषा टेकली ती नेमकी देवगडला. कुणग्यात घोटाभर पाणी. नेट गुंडाळून शाळेच्या माळ्यावर टाकलं, हॅलोजन ज्याचे त्याला परत दिले.

पोरगा आता बारावीत आहे. त्या रात्रीपासून तो रोज सरावानंतर एकटा थांबून पन्नास सर्व्हिस मारतो. पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर. परवा त्यानं मला विचारलं, ‘गुरुजी, सहा-पंधरावर मी आत जाणार असेन तर मला खेळायचं काय आहे, सेट वाचवायचा की वेळ काढायचा?’ मी त्याला म्हटलं, सर्व्हिस जाळ्यावरून ने, पुढचं सेटर बघेल. तो मान डोलावून पुन्हा भिंतीकडे वळला. वहीत मी आता त्याच्या नावाचा वेगळा रकाना केला आहे.